सरकत्या छपराची खोली

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. प्लॉटची सोडत, पाण्याची टाकी, बोअरिंग, गणपतीचा मांडव यांचा इतिहास माझ्यापेक्षा चांगला सांगणारी मंडळी आपल्यात आहेत. तेव्हा संपादक मंडळातली एक मुलगी म्हणाली, "काका, मग तुमच्या पत्र्याच्या खोलीचं लिहा. नव्या लोकांना ते पंपहाऊस वाटतं."

खरं आहे. आमच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात दहा फूट बाय दहा फुटांची जी खोली दिसते, तिला कोणी पंपहाऊस म्हणतं, कोणी अडगळीची खोली. तिचं छप्पर चाकांवर आहे आणि ते ढकललं की आत बसलेल्याला सगळं आकाश दिसतं, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. सोसायटीच्या पंचवीस वर्षांपैकी जवळजवळ बावीस वर्षं ती उभी आहे. तेव्हा तिचा इतिहास हा थोडाफार आपल्या सोसायटीचाही इतिहास आहे, असं मानून लिहितो.

सुरुवात १९८६ साली झाली. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. वर्तमानपत्रांतून इतकं छापून आलं होतं, की आकाशभर शेपूट पसरणार असं आम्हाला वाटलं. प्रत्यक्षात पहाटे उठून, गावाबाहेर जाऊन, उसन्या द्विनेत्रीतून जे दिसलं ते कापसाच्या पुसट बोळ्यासारखं होतं. बरोबरचे मित्र वैतागून परतले. मला मात्र तो बोळा शहात्तर वर्षांनी परत येतो, ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. आपलीही एक दुर्बीण असावी, हे तेव्हाच ठरलं. नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं यात पंधरा वर्षं निघून गेली.

आपल्या सोसायटीत राहायला आल्यावर मी आरसा घासायला घेतला. पुण्यात या बाबतीत आपलं नशीब चांगलं. ज्योतिर्विद्या परिसंस्था इथे १९४४ पासून आहे आणि आयुकामुळे हौशी मंडळींना दुर्बीण कशी बनवायची हे शिकायची सोय झाली. आठ इंच व्यासाची काचेची चकती घ्यायची, तशीच दुसरी चकती एका पिंपावर पक्की करायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचं, आणि वरची चकती मागेपुढे घासत पिंपाभोवती प्रदक्षिणा घालायच्या. काही तासांत वरच्या चकतीला खोलगटपणा येऊ लागतो. माझ्या आरशाला मध्यभागी फक्त दोन मिलिमीटर खोली हवी होती. ती लवकर येते. पण मग त्या वक्राकाराला मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतकं अचूक करायचं, यात माझे दोन हिवाळे गेले.

विल्यम हर्शेलची गोष्ट त्या दिवसांत मला फार जवळची वाटायची. हा माणूस पेशानं संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ गावी राहत्या घराच्या मागच्या बागेत स्वतः बनवलेली दुर्बीण लावून बसायचा. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याला त्या बागेतून एक नवीन ठिपका दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला, पण तो निघाला युरेनस. माणसाला शोध लावून सापडलेला हा पहिला ग्रह, आणि तो सापडला परसातून. आरसा घासताना हात सोडायचा नाही म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची. त्याच वर्षी मोठा आरसा ओतताना वितळलेला धातू सांडला आणि घराची फरशी तडकली. हे मी आमच्या सौ.ला कौतुकानं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "घास मी भरवणार नाही, आणि माझ्या फरशीला काही झालं तर बघा."

दुर्बीण तयार झाली. मग खरी अडचण कळली. नळी, बैठक, वजनं मिळून पस्तीस किलोचा संसार रोज रात्री घरातून अंगणात न्यायचा, जुळवायचा, तासभर बघायचं आणि परत आत आणायचं. बैठक नीट बसवायला अर्धा तास जायचा, तोवर ढग यायचे. दुर्बीण जिथल्या तिथे कायम ठेवायची तर डोक्यावर छप्पर हवं, आणि बघायचं तर छप्पर नको. वेधशाळा बांधणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागतो.

त्याचं जुनं उत्तर म्हणजे घुमट. घुमटाला एक उभी फट असते आणि सगळा घुमट गोल फिरवून ती फट हव्या त्या ताऱ्यासमोर आणायची. दिसायला रुबाबदार, वाऱ्यापासून आडोसाही चांगला. पण गोल पत्रा वाकवणं आणि तो फिरता ठेवणं खर्चाचं काम. शिवाय दिवसभराची उष्णता आत कोंडते आणि फटीतून बाहेर पडताना हवा थरथरवते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून बघताना समोरचं दृश्य जसं हलतं, तसं दुर्बिणीतलं चित्र हलतं. सरकत्या छपराचं तसं नाही. छप्पर बाजूला गेलं की आतली आणि बाहेरची हवा थोड्याच वेळात एकसारखी होते. आणि घुमटाच्या फटीतून एकाला आकाशाची एक पट्टी दिसते, तर छप्पर सरकलं की आत उभ्या असलेल्या दहाजणांना सगळं आकाश दिसतं. याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं. मी खर्च बघितला होता.

नाक्यावरच्या फॅब्रिकेटरला कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, सरकतं गेट करतो ना आपण, तेच भिंतीवर ठेवायचं." एका वाक्यात त्यानं सगळं सांगितलं. दोन भिंतींवर लोखंडी अँगल उलटा बसवला, म्हणजे त्याची धार वर येते. त्यावर गेटला असतात तशी खाच असलेली सहा चाकं. रूळ भिंतींच्या पुढे दहा फूट वाढवून त्यांना खाली खांबांचा आधार दिला, म्हणजे छप्पर पूर्ण बाहेर जाऊन तिथे थांबतं. छपराला हलका उतार, वर जस्ताचे पत्रे. सगळा खर्च त्या वेळी एकोणीस हजार रुपये आला.

एक चूक थोडक्यात टळली. माझ्याकडच्या इंग्रजी पुस्तकात छप्पर उत्तरेकडे सरकवा असं लिहिलं होतं. इंग्लंडात ध्रुवतारा आकाशात पन्नास अंशांवर असतो, उत्तरेला छप्पर ठेवलं तरी त्याच्या वरून दिसतो. आपल्याकडे ध्रुव अवघ्या साडेअठरा अंशांवर. छप्पर उत्तरेला गेलं असतं तर ध्रुव कायमचा पत्र्यामागे, आणि दुर्बिणीची बैठक तर ध्रुवाकडे रोखूनच लावायची असते. म्हणून आमचं छप्पर पूर्वेकडे सरकतं. पूर्वेला तसंही आमचं घरच आडवं येत होतं. दक्षिणेकडची भिंतही कमी उंचीची ठेवली, कारण इंग्लंडातून न दिसणारा अगस्ती आपल्याला हिवाळ्यात छान दिसतो, तो कशाला घालवा?

दुर्बिणीसाठी मधोमध काँक्रीटचा खांब घेतला. त्याचा पाया चार फूट खोल, आणि खोलीच्या फरशीला तो कुठेही टेकत नाही. चारी बाजूंनी बोटभर फट आहे, नाहीतर कुणी पाऊल टाकलं की गुरू थयथय नाचतो. खड्डा बघून गवंडी म्हणाला होता, "एवढा पाया? पुतळा कुणाचा बसवताय?"

कार्यकारी मंडळानं परवानगी दिली ती तीन अटींवर. शेड तात्पुरती समजावी, पत्र्याचं पाणी शेजारच्या हद्दीत जाऊ नये, आणि सभासदांच्या मुलांना वर्षातून काही वेळा आकाश दाखवावं. तिसरी अट तेव्हाच्या अध्यक्षांनी घातली. मी ती सहज मान्य केली, पण मनातून मला ती नको होती. हे आता सांगायला हरकत नाही.

घाई करण्याचं कारण मंगळ. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरवर येणार होता, जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ. मी सगळं गणित केलं, फक्त ऑगस्टात पुण्यात पाऊस असतो हे विसरलो. त्या आठवड्यात छप्पर उघडायची वेळ आली नाही. उलट छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी आत आलं आणि मी मंगळाऐवजी बादली बघत बसलो. पुढे ढग फाटले तेव्हा मंगळ तितका जवळ नसला तरी झक्क दिसला. सांध्यावर रबराची झालर लावली, ती अजून टिकून आहे.

दुसरा धडा मे २००४ मध्ये मिळाला. छप्पर बंद केलं होतं, पण चार कोपऱ्यांच्या कड्या लावायला मी विसरलो. वळवाच्या वाऱ्यानं छप्पर रुळावरून उचललं आणि पत्र्याचा एक ताव उडून मागच्या बंगल्यातल्या कुंड्यांवर पडला. कुणाला लागलं नाही हे नशीब. कुंड्या मी भरून दिल्या. शेजाऱ्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. पण चूक माझी होती आणि ती त्यांच्या अंगणात पडली होती.

पुढच्याच महिन्यात, ८ जूनला, शुक्राचं अधिक्रमण होतं. शुक्र सूर्यबिंबावरून जातो, ते आधी १८८२ साली झालं होतं. म्हणजे त्या दिवशी पृथ्वीवरच्या कुणीही ते पूर्वी पाहिलेलं नव्हतं. दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठा लावून दोन इंचांचं भोक ठेवलं आणि सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं. पावणेअकराच्या सुमारास बिंबाच्या कडेला काळा टिपका शिरला. आधी चार मुलं होती, मग बातमी पसरली आणि अंगण भरलं. ढगांची ये-जा चालू होती, सूर्य दिसला की सगळे एकदम "आला, आला" म्हणत. मागच्या बंगल्यातल्या दोन मुलीही होत्या. त्यातली धाकटी कागदावरचा टिपका बोटानं पुसायला गेली, तेव्हा सगळे हसले. तिसरी अट मला त्या दिवशी पटली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला बावीस वर्षांतला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

२००७ साली आपल्याकडे दोन घरफोड्या झाल्या. त्यातली एक मागच्या बंगल्यात. त्यानंतर त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर पाचशे वॉटचा हॅलोजन लावला. तो रात्रभर चालू असे आणि त्याचा झोत थेट माझ्या खोलीत येई. पश्चिमेचं आकाश गेलंच, पण उरलेलंही धुतल्यासारखं पांढुरकं दिसू लागलं. मी त्यांच्याकडे जाऊन बोललो नाही. मी मंडळाला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. आणि वार्षिक सभेत उभा राहून, सगळ्यांसमोर, "काही लोकांना उजेडाचा आणि अकलेचा संबंध कळत नाही" असं बोललो. ते शांतपणे उठले आणि म्हणाले, "तुमच्या ताऱ्यांसाठी आमच्या मुलींनी अंधारात यायचं का?" सभेत कुणीच काही बोललं नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तिढा सोडवला तो तेव्हाच्या सचिवांनी. एका रात्री त्यांनी आम्हा दोघांना चहाच्या निमित्तानं बोलावलं आणि त्या हॅलोजनखाली नेऊन उभं केलं. "वर बघा," म्हणाले. वर आंब्याचा शेंडा लख्ख उजळला होता. "आता खाली बघा." जिथून चोर आले होते तो भिंतीलगतचा कोपरा काळाकुट्ट होता. दिव्याचा कितीतरी उजेड झाडावर आणि आकाशात जात होता, आणि जो समोर येत होता तो डोळ्यांत घुसल्यामुळे कोपऱ्यात कोण उभं आहे हे दिसतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा कापून मी दिव्याला टोपी केली. शेजाऱ्यांनी शिडी धरली. झोत खाली वळवला, दिवा कमी वॉटचा घातला, आणि कोपरा आधीपेक्षा स्वच्छ दिसू लागला. आकाश माझं मला परत मिळालं. पुढे सोसायटीचे रस्त्यावरचे दिवे एलईडी झाले, तेव्हा खाली झाकलेले आणि पिवळसर प्रकाशाचेच घ्यायचे असा ठराव मांडला गेला. तो मांडणारे तेच होते, मी नव्हे.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आले, की १६२३ नंतर तसे आले नव्हते. करोनाचे दिवस होते. लोकांना बोलवावं की नाही, याचाच मला धाक वाटत होता. शेजारी म्हणाले, "तुम्ही दुर्बीण सांभाळा, रांग मी सांभाळतो." त्यांनी अंगणात सहा-सहा फुटांवर खडूनं वर्तुळं आखली आणि मास्क नीट नसेल त्याला परत पाठवलं. सूर्य मावळला. मी छप्पर ढकललं. पश्चिमेला दोघं ग्रह दिसायला लागले, आणि मी सांगायच्या आत मागच्या बंगल्यातला दिवा बंद झाला. दुर्बिणीत एकाच वेळी गुरूचे चंद्र आणि शनीचं कडं दिसत होतं. कितीतरी महिने घराबाहेर न पडलेल्या आजी-आजोबांनी ते बघितलं. सगळ्यात शेवटी ते स्वतः आले, बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि "चांगलं आहे हो" एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत ते गेले. सभेत मी जे बोललो त्याबद्दल त्यांची माफी मागायची राहूनच गेली. टोपी बसवल्यावर विषय संपला असं दोघांनीही धरलं होतं. पण बोललो होतो सगळ्यांसमोर, तर माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती. सोसायटीच्या या स्मरणिकेत ती मागतो.

आता पुढचं. माझं वय चौऱ्याहत्तर. छप्पर ढकलायला मला दोन माणसं लागतात. मुलगा परगावी आहे, त्याला यात रस नाही आणि असावाच असा माझा आग्रह नाही. या विचारात असताना आपल्याच गावची एक जुनी गोष्ट मला सारखी आठवते.

१८८८ साली पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी ती उभारली आणि चालवली. तिथली डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर विलायतेहून विजयदुर्गावर उतरले, तेव्हा नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. सगळी वेधशाळा एका माणसावर उभी होती.

उलट उदाहरण बंगालमधल्या जेसोरच्या राधागोविंद चंद्रांचं. मॅट्रिक नापास, सरकारी तिजोरीत नोकरी. घरून रात्री तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी करायचे, आयुष्यात ३७,००० च्या वर केल्या. अशा नोंदी जमवणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेनं त्यांचं काम बघून त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. त्यांचं वय झाल्यावर ती वेणू बाप्पूंकडे गेली आणि पुढे तामिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेत पोचली. माणूस थकला, दुर्बीण पुढे चालत राहिली, कारण ती वेळेवर दुसऱ्या हातात दिली गेली.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी एक अर्ज ठेवला आहे. खोली, रूळ, दुर्बीण, सगळं सोसायटीला द्यायचं, आणि बागेच्या कोपऱ्यात मोकळ्या जागेवर हलवायचं. फॅब्रिकेटरच्या मुलानं येऊन मापं घेतली आहेत, तो म्हणतो छप्पर आहे तसं उचलता येईल. पाया मात्र नवा घ्यावा लागेल, चार फूट. शुक्राचा टिपका पुसायला गेलेली ती मुलगी आता इंजिनिअर आहे. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी महिन्यातून दोन शनिवार छप्पर उघडायची जबाबदारी घेतली आहे. माझ्या अटी दोनच. चारही कड्या लावल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. आणि बागेच्या दिव्याला टोपी हवी.

हॅलेचा धूमकेतू २०६१ साली परत येणार आहे. आज आपल्या बालवाडीत जाणारी मुलं तेव्हा चाळिशीत असतील. तेव्हाही तो मला १९८६ मध्ये दिसला तसा पुसट दिसला, तर त्यांनी वैतागू नये. छप्पर थोडा वेळ उघडं ठेवावं.